संभाजीनगर पूर्व विधानसभा: २,१६१ मतांच्या फरकानं निकाल लागलेल्या मतदारसंघाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की गावाकडून फोन सुरू होतात, "तुमच्याकडं कोण येतंय?" आणि शहरातल्या पाहुण्यांचे वेगळेच प्रश्न, आमचं नाव कुठंय, पाणी कधी येणार, मागच्या वेळी एवढं अटीतटीचं काहून झालं. तेच तेच दहा ठिकाणी सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवतो. मी गारखेड्याच्या बाजूला राहतो, मूळ गाव परभणी जिल्ह्यात, इथं येऊन वीसेक वर्षं झाली. कुठल्याही पक्षात नाही. विधानसभा अजून लांब आहे हे माहितीये, पण या मतदारसंघात ज्या गोष्टीनं निकाल फिरू शकतो ती गोष्ट, म्हणजे मतदार यादीत नाव लावणं, शेवटच्या महिन्यात करता येत नाही, म्हणून आत्ताच लिहितोय.

संभाजीनगर पूर्व म्हणजे नेमका कुठला भाग?

शहरात तीन विधानसभा आहेत, मध्य, पश्चिम आणि पूर्व. पूर्वचा नंबर १०९. पश्चिम अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, बाकी दोन्ही खुल्या. तिन्ही मिळून कन्नड, गंगापूर, वैजापूरसोबत औरंगाबाद लोकसभेत येतात. फुलंब्री, पैठण, सिल्लोड हे आपल्याच जिल्ह्यातले पण लोकसभेला जालन्यात, त्यामुळं नव्या माणसाचा इथं हमखास गोंधळ होतो.

पूर्वमधे फिरलात तर एका मतदारसंघात तीन शहरं दिसतात. एक म्हणजे जुन्या शहराला चिकटून असलेले दाट मोहल्ले, अरुंद गल्ल्या, खाली दुकान वर घर. दुसरं सिडको, सत्तरच्या दशकात आखून बसवलेलं, नंबरची घरं, एन-अमुक एन-तमुक, मधे मधे मैदानं. आणि तिसरं म्हणजे आमच्यासारख्यांचं, कोणाच्या तरी शेताचे तुकडे पाडून शंभर रुपयांच्या बाँडवर घेतलेले प्लॉट, आधी घर मग रस्ता, मग नळ, आणि कागद सगळ्यात शेवटी. माझ्या मते पूर्वचं सगळं राजकारण या तीन शहरांच्या एकमेकांकडं बघण्यात आहे.

हद्दीचं मात्र गृहीत धरू नका. एकाच भागातली काही घरं एका मतदारसंघात आणि पलीकडची दुसऱ्यात असं बऱ्याच ठिकाणी आहे. शेजाऱ्याचं मतदान तिथं म्हणून आपलंही तिथंच असणार, हे डोक्यातून काढा आणि मतदार यादीत स्वतःचं नाव बघा.

औरंगाबाद पूर्व म्हणायचं की संभाजीनगर पूर्व?

शहराचं नाव फेब्रुवारी २०२३ मधे छत्रपती संभाजीनगर झालं. मतदारसंघाचं नाव मात्र २००८ च्या पुनर्रचनेच्या आदेशात जसं आहे तसं, त्यामुळं २०२४ ला आयोगाच्या कागदावर औरंगाबाद पूर्व असंच होतं. ऑनलाईन नाव शोधताना एका नावानं सापडलं नाही तर दुसऱ्यानं बघा, आपलं नाव उडालं म्हणून घाबरू नका.

पूर्वी इथून हरिभाऊ बागडे निवडून यायचे ना?

हो, पण तो पूर्व वेगळा. २००८ च्या आधीचा औरंगाबाद पूर्व म्हणजे बराचसा तालुक्यातली खेडी. पुनर्रचनेत ग्रामीण भाग फुलंब्रीकडं गेला, बागडे नानांचं राजकारणही तिकडंच गेलं, आणि पूर्व पूर्ण शहरी झाला. त्यामुळं जुने आकडे आणून "हा तर अमक्याचा बालेकिल्ला" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. आजच्या पूर्वचा इतिहास २००९ पासूनचाच.

याला काठावरचा मतदारसंघ का म्हणतात?

आकडेच बघा. २००९ ला काँग्रेसचे राजेंद्र दर्डा. २०१४ ला युती तुटली, आघाडी तुटली, सगळे वेगवेगळे लढले आणि त्यातच एमआयएम पहिल्यांदा मैदानात आली, त्यात भाजपचे अतुल सावे ४,२६० मतांनी निवडून आले, दोन नंबरला एमआयएमचे डॉ. गफ्फार कादरी. २०१९ ला परत सावे विरुद्ध कादरी, फरक १३,९३०. आणि २०२४ ला सावेंसमोर एमआयएमचे इम्तियाज जलील, सावेंना ९३,२७४, जलील यांना ९१,११३, फरक २,१६१.

आता हा २,१६१ नीट समजून घ्या. सावेंना मत दिलेल्यांपैकी १,०८१ जणांनी जलील यांचं बटण दाबलं असतं तर आमदार बदलला असता. १,०८१ म्हणजे किती, एका बऱ्यापैकी मोठ्या बूथवर जेवढी नावं असतात साधारण तेवढी माणसं. सिडकोत संध्याकाळी एखाद्या मैदानावर भागवत सप्ताहाला याच्यापेक्षा जास्त लोक बसलेले असतात.

शेजारचं मध्यही फार सुरक्षित नाही. २०१४ ला तिथून इम्तियाज जलील जवळपास वीस हजारांनी आले होते, २०१९ आणि २०२४ ला प्रदीप जैस्वाल, मागच्या वेळचा फरक ८,११९. पण पूर्वसारखा काटा शहरात दुसरीकडं नाही.

मतविभागणीमुळं जलील हरले हे खरंय का?

अर्धं खरं. काँग्रेसच्या उमेदवाराला १२ हजारांवर मतं मिळाली, वंचित बहुजन आघाडीच्या आणि समाजवादी पक्षाच्या उमेदवारांना साधारण सहा-सहा हजारांच्या आसपास. समाजवादीकडून उभे होते ते गफ्फार कादरी, म्हणजे दोनदा एमआयएमकडून दुसऱ्या नंबरवर राहिलेला माणूस. यातल्या कुठल्याही एकाची निम्मी मतं जलील यांच्याकडं गेली असती तर निकाल उलटा लागला असता, हे गणित कोणीही मांडेल.

पण मला हे गणित अपुरं वाटतं. काँग्रेसला मत देणारा माणूस काँग्रेस नसती तर एमआयएमलाच गेला असता असं धरून चालणं म्हणजे माणसाला हिशोबाच्या वहीतला आकडा समजणं. त्यातले काही सावेंकडं गेले असते, काही घरीच बसले असते. आणि वंचितचा मतदार तर स्वतःचा विचार करून मत देतो, २०१९ च्या लोकसभेला वंचित आणि एमआयएम एकत्र होते तेव्हा त्यानं जलील यांना खासदार केलं, फरक ४,४९२ मतांचा होता. त्याच वर्षी विधानसभेच्या आधी ती युती मोडली. तेव्हा मतं पक्षाच्या मालकीची नसतात हे या शहरानं एकाच वर्षात दाखवलेलं आहे.

मोजणीच्या दिवशी एवढं खालीवर कसं झालं? काही गडबड होती का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. २३ नोव्हेंबर २०२४ ला बराच वेळ जलील पुढं होते, काही ठिकाणी पेढे आणायची तयारी झालेली, आणि शेवटच्या फेऱ्यांत सावे निघाले. ज्यांनी दुपारी टीव्ही बंद केला त्यांना संध्याकाळी धक्काच बसला.

कारण समजायला सोपं आहे. मोजणी साधारण १४ टेबलांवर होते, एका फेरीत तेवढ्याच बूथची यंत्रं उघडतात, आणि तीही बूथच्या नंबरानं. बूथचे नंबर वस्तीच्या क्रमानं असतात. म्हणजे एका भागातली सगळी बूथं लागोपाठ येतात आणि मग दुसरा भाग सुरू होतो. आपल्याकडं गल्ल्यांची विभागणी किती पक्की आहे ते तुम्हाला माहितीच आहे. त्यामुळं पहिल्या काही फेऱ्यांत तीस-चाळीस हजारांची आघाडी दिसली तरी ती आघाडी फक्त एका बाजूच्या गल्ल्यांची असते. पुढच्या वेळी मोजणी बघताना एवढंच विचारा, आता कुठल्या वस्तीच्या पेट्या चालू आहेत. आणि उमेदवाराला शंका असेल तर फेरमोजणीचा अर्ज करायचा हक्क त्याला आहे, तो त्यानं वापरावा, त्यात काही वावगं नाही.

मला त्या दिवशीची एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथं एकाच मोबाईलवर दोन्हीकडची पोरं डोकं घालून बसलेली. प्रत्येक फेरीला एक बाजू ओरडायची, दुसरी गप्प. शेवटची फेरी जाहीर झाल्यावर कोणीच काही बोललं नाही. दोन मिनिटांनी टपरीवाल्या चाचांनी सगळ्यांना चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत.

लोकसभेला एक आणि विधानसभेला वेगळंच, असं का?

२०२४ मधे जूनला मराठवाड्यातल्या आठपैकी सात लोकसभा महाविकास आघाडीकडं गेल्या, फक्त आपली जागा महायुतीकडं राहिली, संदीपान भुमरे १,३४,६५० मतांनी आले. इथं जलील आणि चंद्रकांत खैरे दोघंही विरोधात होते, त्यामुळं भुमरेंच्या विरोधातली मतं दोन ठिकाणी गेली. पाच महिन्यांनी विधानसभेला मराठवाड्याचं चित्र पार पालटलं.

लोक दोन कारणं सांगतात. एक, मराठा आरक्षणाचं आंदोलन, १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत लाठीमार झाल्यापासून मनोज जरांगे पाटलांच्या मागं उभा राहिलेला समाज लोकसभेला एका दिशेनं गेला, विधानसभेला तेवढा एकवटला नाही. दुसरं, लाडकी बहीण, महिन्याला १,५०० रुपये, मतदानाआधी पाच हप्ते खात्यात. आमच्या गल्लीत बायकांची बँकेसमोरची रांग मी बघितली आहे. कोणी काही म्हणो, ज्या बाईच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा पैसे जमा झाले तिला तो पैसा नेहमी लक्षात राहणार, आणि त्याला आमिष म्हणून हिणवणं मला पटत नाही.

इथं सगळं हिंदू-मुस्लिमच असतं का?

बाहेरून तसंच दिसतं. २०११ च्या जनगणनेत शहरात मुस्लिम जवळपास ३१ टक्के आणि बौद्ध १५ टक्क्यांच्या आसपास होते. हा दुसरा आकडा बाहेरचे लोक विसरतात. बाबासाहेबांनी १९५० ला मिलिंद कॉलेज इथं काढलं, मराठवाडाभरातून पोरं शिकायला आली, नोकरीला लागली, इथंच राहिली. नामांतराची लढाई याच शहरात झाली. त्यामुळं पूर्वमधे आंबेडकरी मतदार कुठं जातो याच्यावर बरंच ठरतं.

शिवाय आमच्यासारखे आलेले लोक. जालना, परभणी, बीड, हिंगोली. कोणी ७२ च्या दुष्काळात आलं, कोणी चिकलठाणा एमआयडीसीत कामाला, कोणी वाळूजला कंपन्या आल्यावर, आणि अलीकडं बरेचसे पोरांच्या शिक्षणासाठी. गाडी असो वा घर, अर्धं आयुष्य हप्ते फेडण्यात. त्यांची जात गावाकडं जेवढी ठळक असते तेवढी इथं नसते, पण निवडणुकीच्या आधी आठ दिवसांत बरोबर ठळक केली जाते.

पाण्याचं काय झालं?

इथं थोडं लांबेल, कारण बाकी सगळं बाजूला ठेवलं तरी माणूस या शहरात पाण्यासोबतच जगतो.

जायकवाडी आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. १०२ टीएमसीचं धरण, भरलं की सगळे फोटो काढायला जातात. आणि त्याच वर्षी शहरात नळाला पाणी पाच दिवसांनी, सात दिवसांनी, कधी त्याच्याहून जास्त दिवसांनी. म्हणजे धरणात पाणी होतं, ते शहरापर्यंत आणायला पाईप पुरत नव्हता. जुन्या लाईनींपैकी ७०० मिलिमीटरची तर सत्तरच्या दशकातली, रस्त्यावर कुठंतरी फुटली की चार दिवस पुढं गेले.

समांतर जलवाहिनीची घोषणा ऐकत एक पिढी मोठी झाली. ते कंत्राट २०१६ ला रद्द झालं. मग २०१९ ला नवी योजना मंजूर झाली १,६८० कोटींची, डिसेंबर २०२० ला भूमिपूजन झालं, खर्च वाढत वाढत २,७४० कोटींवर गेला. पैठणपासून नक्षत्रवाडीपर्यंत अडीच मीटर व्यासाची पाईपलाईन, माणूस आत ताठ उभा राहील एवढी. तारखा किती वेळा बदलल्या ते मोजणं लोकांनी सोडून दिलंय. हायकोर्टाच्या खंडपीठाला या कामावर वारंवार लक्ष ठेवावं लागलं, यावरूनच काय ते समजा. मे २०२२ ला भाजपनं पाण्यासाठी मोठा मोर्चा काढला, देवेंद्र फडणवीस आले होते, बायका हंडे घेऊन रस्त्यावर होत्या. पुढच्याच महिन्यात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री म्हणून इथं सभेला आले, त्यातही पाणी होतंच. तेव्हा नळपट्टी ४,०५० वरून निम्मी केली गेली. लोकांना बरं वाटलं, पण पट्टी कमी झाल्यानं पाण्याचा दिवस जवळ आला नाही.

पाणी येणाऱ्या रात्री आमच्या गल्लीत काय असतं ते सांगतो. लाईनमनचा नंबर सगळ्यांकडं आहे, दुपारपासून त्याला फोन. तो म्हणतो साडेअकराला, मग येतं दोनला. समोरच्या काकू दारात खुर्ची टाकून बसतात, नळाला कान लावल्यासारख्या. आधी हवा येते, फुस्स असा आवाज, मग तांबूस पाणी, ते पाच मिनिटं सांडून द्यायचं, आणि मग मोटारी सुरू. सगळ्या मोटारी एकदम लागल्या की टोकाच्या तीन घरांना धारही येत नाही. त्या तीन घरांत एक मराठ्याचं आहे, एक बौद्धाचं, एक पठाणांचं. तिघंही दुसऱ्या दिवशी मिळून टँकर मागवतात आणि पैसे वाटून घेतात. आठवड्यातून एकदा हे ठरलेलं. ड्रम, टाकी, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवतात. पोरांची परीक्षा असो नाहीतर कोणाचं बाळंतपण, पाण्याची रात्र चुकवायची नाही.

मग मतं पाण्यावर का पडत नाहीत?

मला बरीच वर्षं हा प्रश्न छळतो. माझं उत्तर असं आहे, पाण्याचा जबाबदार कोण हे मतदाराला कधी एका नावानं कळतच नाही. योजना राज्याची, काम जीवन प्राधिकरणाचं, वाटप महापालिकेचं, धरण जलसंपदाचं. आमदार म्हणतो मी निधी आणला, महापालिका म्हणते काम आमच्याकडं नाही, ठेकेदार म्हणतो रस्ता खोदायला परवानगी नाही. मंडळी, जिथं दोष कोणाचा ते ठरत नाही तिथं माणूस जे ठरलेलं आहे त्यावर मत देतो, म्हणजे आपला कोण आणि परका कोण.

दुसरं असं की महापालिकेची मुदत एप्रिल २०२० ला संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ ला झाली. मधली साडेपाच वर्षांहून जास्त प्रशासक. म्हणजे २०२४ च्या विधानसभेच्या वेळी वॉर्डात नगरसेवकच नव्हता. ज्याच्या दारात जाऊन भांडता येतं तो माणूसच नसला की राग जिरतो कुठं, तर तो फॉरवर्ड मेसेजमधे जिरतो.

गुंठेवारी म्हणजे काय आणि त्याचा मताशी काय संबंध?

शेतजमीन एनए, म्हणजे बिगरशेती, न करता गुंठ्या-गुंठ्यानं विकली, त्यावर घरं झाली, ती गुंठेवारी. २००१ ला कायदा आला, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची घरं नियमित करायची सोय झाली, पैसे भरून. संबंध असा की ज्याचं घर कागदावर नाही तो कायम कोणाच्या तरी शब्दावर जगतो. नोटीस आली की पळायचं कोणाकडं, तर ज्याची ओळख आहे त्याच्याकडं. मग मत त्या ओळखीला. फाईल ज्यांची झाली त्यांच्या बोलण्यात फरक पडलेला मी स्वतः बघितलाय, ते आता रस्त्याबद्दल आवाज चढवून विचारतात. म्हणून माझं म्हणणं, पैसे जमतील तसे पण फाईल करून घ्या.

कचऱ्याचा प्रश्न सुटला का?

२०१८ इतका वाईट नाही. तेव्हा फेब्रुवारीत नारेगावच्या डेपोजवळच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, आणि बरोबरच केलं, वर्षानुवर्षं सगळ्या शहराची घाण त्यांनी सोसली होती. शहरभर कचरा पेटवला जायचा, मार्चमधे मिटमिट्यात दगडफेक, लाठीमार झाला. आता प्रक्रिया होते, पण घंटागाडी चुकली की कोपऱ्यावर ढीग आहेच.

मी भाड्यानं राहतो, नाव गावाकडं आहे. इथं मत देता येईल का?

येईल, आणि खरं तर हे पान मी तुमच्यासाठीच लिहितोय.

कायदा सांगतो की माणूस जिथं सर्वसाधारणपणे राहतो तिथला तो मतदार. घर स्वतःचं असायची अट नाही. उलट गावात नुसतं घर किंवा शेत आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. दहा वर्षं इथं राहताय, पोरं इथल्या शाळेत, आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्याला इथं रात्री जागताय, मग मत जिंतूरला आणि घनसावंगीला काहून? गावाची ओढ मला कळते, माझंही नाव बारा वर्षं गावात होतं. सरपंचकीला गाडी यायची न्यायला, जेवण असायचं, भावकी भेटायची. पण विधानसभेला जेव्हा दोन्हीकडं एकाच दिवशी मतदान असतं तेव्हा इथले हजारो लोक गावाकडं जातात किंवा कुठंच जात नाहीत. आणि इथला निकाल २,१६१ वर लागतो.

नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, दोन्हीकडं ठेवणं गुन्हा आहे. आधीपासून कुठं नाव असेल तर फॉर्म ८ भरून पत्ता बदलायचा, नवीन असेल तर फॉर्म ६. मोबाईलवर निवडणूक आयोगाच्या ॲपवरून होतं, नाहीतर बीएलओकडं, म्हणजे आपल्या बूथची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडं, कागद द्यायचा. नोंदणी केलेला भाडेकरार चालतो, लाईटबिल, गॅसचं बिल, बँकेचं पासबुक चालतं. होस्टेलवरच्या पोरापोरींनाही कॉलेजच्या दाखल्यावर इथं नाव लावता येतं. १८ वर्षांसाठी आता वर्षातून चार तारखा धरतात, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, त्यामुळं वर्षभर थांबायची गरज नाही. अडचण आली तर १९५० ला फोन लावा.

घरमालक "माझ्या पत्त्यावर नाव नको" म्हणतात, ही खरी अडचण आहे. त्यांना वाटतं भाडेकरूचं नाव लागलं की घरावर हक्क सांगेल. तसं काही होत नाही, मतदार यादीनं मालकी मिळत नसते. घरमालकांशी शांतपणे बोला, बहुतेक ऐकतात.

माझं नाव यादीतून गायब झालंय. कोणी मुद्दाम कापलं का?

कधी मुद्दाम कोणी फॉर्म ७ भरून हरकत घेतलेली असते, कधी बीएलओ आला तेव्हा घराला कुलूप होतं, कधी बूथ बदलल्यावर नाव दुसऱ्या यादीत गेलेलं असतं. २०२४ च्या नोव्हेंबरला आमच्या शेजारच्या भाभी, साठीच्या पुढच्या, सकाळी साडेसातला रांगेत उभ्या होत्या. चाळीस वर्षं याच भागात मतदान केलेलं. टेबलावरच्या माणसानं यादी तीनदा चाळली, नाव नाही. त्या काही बोलल्या नाहीत, हातातलं कार्ड उलटंसुलटं करून बघत राहिल्या, मग बाजूच्या बाकड्यावर बसल्या. त्यांचा मुलगा मत देऊन बोटाला शाई लावून बाहेर आला तेव्हा त्यांनी त्याचा हात हातात घेऊन ती शाई बघितली. मी तेव्हापासून दर सहा महिन्यांनी गल्लीतल्या सगळ्यांची नावं ॲपवर बघतो.

एक लक्षात घ्या, मतदार कार्ड जवळ असणं म्हणजे यादीत नाव असणं नव्हे. यादीत नाव असेल आणि कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन्स, पासपोर्ट असं काहीही चालतं. कार्ड आहे पण यादीत नाव नाही तर मत देता येत नाही. आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असेल तर परत फिरू नका, केंद्राध्यक्षाला सांगून प्रदत्त मत मागा, तो तुमचा हक्क आहे, कागदावर शिक्का मारून घेतात.

नोटा दाबला तर?

नोटा २०१३ पासून आहे. नाराजी नोंदवली जाते, निकाल बदलत नाही, सगळ्यात जास्त मतांचा उमेदवारच निवडून येतो. तुमची मर्जी. मी स्वतः इथं नोटा दाबणार नाही, एवढा काटा असताना.

पुढच्या निवडणुकीला मतदारसंघ हाच राहील का?

आजच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या आहेत. तेव्हापासून शहर कुठल्या कुठं गेलं. ८४व्या घटनादुरुस्तीनं जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली होती, आणि २०२३ ला झालेल्या १०६व्या दुरुस्तीत महिलांसाठी एक तृतीयांश जागा जनगणना आणि पुनर्रचनेनंतर राखायच्या ठरल्या. म्हणजे कधी ना कधी हद्द बदलणार, आरक्षण बदलणार. काठावरच्या मतदारसंघात दोन वस्त्या इकडच्या तिकडं झाल्या तरी सगळं बदलतं, म्हणून जेव्हा मसुदा हरकतींसाठी निघेल तेव्हा तो वाचा आणि हरकत लेखी द्या.

उमेदवार दारात आला तर काय विचारायचं?

आमच्या गल्लीत आम्ही एकच प्रश्न ठरवलाय, दोन्हीकडच्यांना तोच विचारायचा. टोकाच्या त्या तीन घरांना धार कधी येणार आणि नाही आली तर फोन कोणाला लावायचा, त्याचं नाव आणि हुद्दा. प्रचारातला माणूस म्हणतो साहेबांना सांगतो. आम्ही म्हणतो, लिहून द्या. मागच्या वेळी एका कार्यकर्त्यानं खरंच कागदावर लिहून दिलं, सही केली, खाली मोबाईल नंबर टाकला. तो कागद समोरच्या काकूंनी पाण्याच्या टाकीच्या झाकणाला आतून प्लास्टिकमधे चिकटवून ठेवलाय. नंबर अजून लागतो. आणि भाभींचा फॉर्म ६ मीच भरला होता, त्यांचं नाव परत लागलंय, बूथ तोच, शाळेची तीच खोली.